वेबसाइट कुशीवर झोपून पाहावी

मोबाइलवर कुठलीही वेबसाइट उघडा, वरच्या कोपऱ्यात एकाखाली एक अशा तीन आडव्या रेघा असतात. त्यांच्यावर बोट टेकवलं की आतली यादी बाहेर येते. हे शाळकरी पोरापासून पेन्शनरापर्यंत सगळ्यांना न शिकवता येतं. आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवरही त्या तीन रेघा आहेत. चांगल्या ठसठशीत, केशरी रंगाच्या, लांबून दिसणाऱ्या. फक्त त्यांच्यावर बोट टेकवलं की काही होत नाही. दोनदा टेकवलं तरी होत नाही. रागाने दाबलं तर भलतंच बटण दाबलं जाऊन फोन बंद होतो, पण मेनू काही उघडत नाही.

हा मेनू कधीपासून मुका झाला, हे कोणालाच सांगता येईना. गणपतीच्या आसपास कधीतरी त्याची वाचा गेली असावी आणि तक्रार आली गुढीपाडव्याला. मधल्या काळात एकाही सभासदाला मोबाइलवरून वाचनालयाची काही माहिती हवी वाटली नाही, याचा अर्थ काय, यावर चर्चा करायचं कार्यकारिणीने एकमताने टाळलं. बरं, तक्रार आली तीही वाचकाकडून नव्हे, खजिनदारांकडून. नातवाच्या साखरपुड्यात नव्या व्याह्यांना 'कार्यकारिणी' या पानावरचा आपला फोटो दाखवायला त्यांनी खिशातून फोन काढला आणि तीन रेघांनी भर मांडवात दगा दिला. व्याही सज्जन. "राहू द्या हो, नंतर बघू," म्हणाले. ते 'राहू द्या' खजिनदारांच्या फार जिव्हारी लागलं.

त्याच संध्याकाळी कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा संदेश आला : "वेबसाइट बंद आहे. संबंधितांनी ताबडतोब लक्ष घालावे." संबंधित कोण, हे आमच्या संस्थेत कधीच ठरलेलं नसल्यामुळे सगळ्यांनी आपण नाही असं धरलं. दोघांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एकांनी पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या. चिटणिसांनी कचेरीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर बघून निर्वाळा दिला, "माझ्याकडे तर उघडतंय." मग काय, "माझ्याकडेही चालू आहे" असं एकेक जण सांगू लागला. त्यांतल्या निम्म्यांनी वेबसाइट उघडून बघितलीच नव्हती. पण दुसऱ्याकडे बिघडलेली वस्तू आपल्याकडे चालू असल्याचं सुख एवढं मोठं असतं, की माणूस ते उगाच खात्री करून घालवत नाही.

शेवटी प्रकरण माझ्याकडे आलं. वाचनालयात मी कॉम्प्युटरमधला तज्ज्ञ समजला जातो. त्याला कारण आहे. मागे एकदा कचेरीतला प्रिंटर चालेना, तेव्हा मी त्यात कागद घातला होता. तो चालू झाला. तेव्हापासून वीज, इंटरनेट, पंखा, आधार कार्ड आणि नातवंडांचे ऑनलाइन प्रवेश हे सगळं माझ्या खात्यात जमा आहे.

अर्धवट जाणकार माणूस अशा वेळी आधी इतिहास वाचतो, कारण इतिहास वाचताना काही दुरुस्त करावं लागत नाही. मीही वाचला. या तीन रेघा नॉर्म कॉक्स नावाच्या अमेरिकन डिझायनरने झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या कॉम्प्युटरसाठी काढल्या. साल १९८१. ही माहिती मी चिटणिसांना दिली.

"झेरॉक्सवाल्याने? कोण, तो चौकातला?"

"नाही हो, अमेरिकेतल्या."

"मग त्यालाच विचारा ना दुरुस्त करायला."

मी पुढे वाचलं. २००७ मध्ये आयफोन आला. तोपर्यंतची सगळी पानं टेबलावरच्या पडद्यासाठी बेतलेली. फोन त्यांना ९८० ठिपके रुंद समजून तळहाताएवढ्या काचेत कोंबायचा, आणि माणूस दोन बोटांनी ती ताणून ताणून वाचायचा. २०१० मध्ये ईथन मार्कॉट याने एक लेख लिहून मांडलं, की पडदा बघून पानानेच आपला आकार बदलावा. २०१५ च्या २१ एप्रिलला गूगलने जाहीर सांगितल्याप्रमाणे, मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलवरच्या शोधात वरची जागा द्यायला सुरुवात केली. याच काळात जगभरच्या वेबसाइटवाल्यांनी लांबलचक मेनू घड्या घालून त्या तीन रेघांच्या आत सारले. हे सगळं मी चिटणिसांना रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे चालू कधी होईल?"

दरम्यान सभासदांनी आपापल्या परीने उपचार सुरू केले होते. फोन बंद करून चालू करणं तर झालंच. कोणी फोनचं कव्हर काढलं. कोणी काचेवरचा कागद सोलला आणि तो परत लावताना आत हवेचा फुगा राहिला म्हणून मलाच बोल लावला. उपाध्यक्षांचं म्हणणं पडलं, की रेघा बारीक आहेत, बोट नेमकं बसत नाही. ॲपलच्या नियमाप्रमाणे बोटासाठीची जागा निदान ४४ पॉइंटांची हवी. आमची त्याहून ऐसपैस होती. तरी खात्री म्हणून बोटांची चाचणी झाली. ग्रंथपाल बाईंची करंगळी झाली, शिपायाची तर्जनी झाली, उपाध्यक्षांचा अंगठा झाला. बोट ओलं करून झालं, कोरडं करून झालं. मेनूने कोणालाच दाद दिली नाही. निदान त्याने भेदभाव केला, असं कोणाला म्हणता आलं नाही.

आता ही वेबसाइट केली कोणी, तर चिटणिसांच्या भाच्याने. आमच्याकडच्या संस्थांच्या वेबसाइट भाचेच करतात. भाचा असतो तोवर ती फुकट असते आणि तो परदेशी गेला की ती वाऱ्यावर असते. आमचा भाचा कॅनडात. आपली रात्र तेव्हा त्याची सकाळ, म्हणून रात्री उशिरा चिटणिसांच्या घरी बसून आम्ही त्याला फोन लावला.

"मामा, माझ्याकडे तर चालतंय."

सातासमुद्रापार गेला तरी घराण्याचं वळण सुटलं नव्हतं.

"लॅपटॉपवर बघतोयस का रे?" मी विचारलं.

"हो काका. तुम्ही असं करा, कॅश क्लिअर करा."

पलीकडच्या खुर्चीवर खजिनदार बसले होते. ते ताडकन उठले. "कॅश क्लिअरच आहे! मार्चअखेरीचं ऑडिट झालंय. त्याला कोणी काय सांगितलंय?"

कॅश म्हणजे फोनने पुन्हा पुन्हा मागवावं लागू नये म्हणून साठवून ठेवलेलं पानाचं सामान, हे मी त्यांना समजावलं. वेबसाइटच फोनला सांगते, की हे सामान ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे पुरं वर्षभर जपून ठेव, आणि बिचारा फोन ते जपतो. त्यामुळे इकडे दुरुस्ती झाली तरी तिकडे जुनंच पान दिसत राहतं. खजिनदारांना ते पटलं. ते घरी गेले आणि फोनमध्ये जिथे जिथे 'क्लिअर' हा शब्द दिसला तिथे तिथे त्यांनी बोट टेकवलं. सकाळी त्यांच्या फोनमधले सगळ्यांचे सुप्रभात संदेश आणि चार लग्नांचे फोटो गेलेले होते. मेनू जसाच्या तसा. घरच्यांनी मात्र फोन हलका झाला म्हणून समाधान व्यक्त केलं.

आणि मग चमत्कार झाला. एका रविवारी दुपारी जेवणानंतर खजिनदारांचा मला फोन आला. आवाज दबका, पण आत आनंद मावत नव्हता.

"अहो, उघडलं!"

"काय केलंत?"

"काही नाही. जेवून आडवा झालो होतो. डाव्या कुशीवर. सहज लावून बघितलं, तर सगळा मेनू वर ओळीने मांडलेला! उठून बसलो, गेला. परत आडवा झालो, आला."

मला आधी जेवणाचा परिणाम वाटला. पण ते म्हणत होते ते खरं होतं. कुशीवर झोपल्यावर हातातला फोनही जमिनीशी आडवा होतो. फोनला वाटतं, आपल्याला आडवं धरलंय. तो चित्र वळवतो, पडद्याची रुंदी वाढते, आणि रुंदी वाढली की वेबसाइट तीन रेघा काढून टाकून सगळा मेनू लांबलचक पसरून दाखवते. खजिनदारांनी शास्त्रात न शिरता शोध जाहीर केला. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या फळ्यावर ग्रंथपाल बाईंच्या वळणदार अक्षरात सूचना लागली : "मोबाइलधारक सभासदांनी वेबसाइट कुशीवर झोपून पाहावी. – आज्ञेवरून."

सूचनेला भरघोस प्रतिसाद मिळाला. वाचनकक्षात दुपारी तसेही काही सभासद त्याच अवस्थेत असतात, त्यांना फक्त फोन हातात धरायचा होता. आडव्या फोनवर दिसलेला मेनू वाचण्यासारखा होता, हे मात्र सांगितलं पाहिजे. वेबसाइटचा साचा इंग्रजीसाठी बनवलेला. त्यात दोन अक्षरांमध्ये शोभेचं अंतर सोडलेलं. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, आपल्याकडे शिरोरेषाच तुटते. 'मुख्यपृष्ठ' हा शब्द दात पडल्यासारखा दिसत होता. ओळीची उंचीही इंग्रजी मापाची असल्याने वरच्या वेलांट्यांची टोकं छाटली गेली होती आणि 'कार्यकारिणी'वरचा रफार उडून तिथे 'कायकारिणी' असं काहीतरी उरलं होतं. इतक्या जणांनी तो मेनू बघितला, कोणालाच त्यात चूक दिसली नाही.

कुशीवरच्या शोधाने मला मात्र धागा मिळाला. प्रश्न फोनचा नव्हता, बोटाचा नव्हता आणि कॅशचाही नव्हता. प्रश्न रुंदीचा होता. मी लॅपटॉपवर वेबसाइट उघडली आणि खिडकी हळूहळू अरुंद करत नेली. रुंदी ७६८ ठिपके असेपर्यंत मेनू ठणठणीत. ७६७ झाली, तीन रेघा आल्या, आणि त्या जन्मताच मुक्या. हे ७६८ आकाशातून पडलेलं नाही. पहिला आयपॅड उभा धरला की त्याची रुंदी तेवढी, म्हणून अनेक वेबसाइट त्या आकड्यावर रूप बदलतात. म्हणजे रूप बदलताना वाटेत कोणीतरी कडमडत होतं.

ब्राउझरमध्ये एक सोय असते. पानाच्या एखाद्या भागावर उजवं क्लिक करून तो तपासायला घेतला, की तो भाग कुठून कुठवर पसरलाय ते निळ्या रंगात दिसतं. मी तीन रेघांवर क्लिक केलं. रेघांभोवती इवलासा चौकोन दिसायला हवा होता. त्याऐवजी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भलामोठा निळा पट्टा उमटला. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. आतल्या मजकुरात त्या पट्ट्याचं नाव लिहिलेलं होतं : अमृतमहोत्सव.

मग सगळा उलगडा झाला. गेल्या श्रावणात आमच्या अध्यक्षांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, चौकात फ्लेक्स लागला आणि तोच फ्लेक्स वेबसाइटवरही पट्टी करून लावला गेला. डावीकडे शुभेच्छुकांची नावं, उजवीकडे फेटा बांधलेले अध्यक्ष. मोठ्या पडद्यावर ती पट्टी एका बाजूच्या रकान्यात गुमान बसे. मोबाइलवर मात्र वरची सगळी रुंदी तिचीच.

वेबसाइटवर एकावर एक वस्तू आल्या तर कोणी वर बसायचं, हे झेड-इंडेक्स नावाच्या आकड्यावर ठरतं. ज्याचा आकडा मोठा तो वर. व्यासपीठावरच्या खुर्च्यांसारखंच हे : एकाला पुढे बसवलं की दुसऱ्याला त्याच्याही पुढे बसवावं लागतं. मेनूला कोणीतरी ९९९ दिले होते. भाच्याने अध्यक्षांना ९,९९,९९९ दिले. ब्राउझरमध्ये साधारणपणे २,१४,७४,८३,६४७ पर्यंत आकडा चालतो. म्हणजे पोराने त्यातल्या त्यात संयमच पाळला.

सोहळा उरकल्यावर चौकातला फ्लेक्स नगरपालिकेने उतरवला. वेबसाइटवरचा उतरवायची वेळ आली तेव्हा चिटणिसांनी भाच्याला निरोप दिला, "काढू नकोस, बरं दिसत नाही. नुसती दिसेनाशी कर." पोरगा मामाच्या शब्दाबाहेर नाही. त्याने पट्टीची अपारदर्शकता शून्य केली. पट्टी दिसेनाशी झाली. पण न दिसणारी वस्तूही ब्राउझरच्या लेखी असतेच. जागा धरून बसते आणि वर असल्यामुळे पडणारा प्रत्येक स्पर्श आपल्याकडे घेते. खालच्या मेनूला कळतही नाही, की कोणी आलं होतं. गणपतीपासून पाडव्यापर्यंत ज्या कोणी त्या तीन रेघांवर बोट टेकवलं, त्याने प्रत्यक्षात अध्यक्षांच्या फेट्याला बोट लावलं होतं.

आता हे अध्यक्षांना सांगणार कोण? चिटणीस म्हणाले, विषय तांत्रिक आहे, तज्ज्ञांनी मांडावा. सभेत चहा येईपर्यंत मी थांबलो.

"सर, मेनूच्या वर एक पट्टी आहे."

"कसली?"

"शुभेच्छांची."

"कोणाला?"

सगळे आपापल्या कपात बघू लागले.

"तुम्हाला, सर. पंचाहत्तरीची."

अध्यक्षांनी चिटणिसांकडे बघितलं. "ती तर काढली होती ना?"

"काढली नाही, सर. काढणं बरं दिसलं नसतं. दिसेनाशी केली."

"मग दिसत नाही, तर कोणाला अडचण आहे?"

मी म्हणालो, "दिसत नाही, पण जागा अडवून आहे."

मी हे पट्टीबद्दल बोललो होतो. पण खोलीत अशी शांतता पसरली, की प्रत्येकाने ते वाक्य आपापल्या शेजाऱ्याला लावलं असावं. उपाध्यक्षांनी तर मान डोलावली.

पट्टी काढून टाकावी, असा साधा ठराव मांडायला सूचक मिळेना. सूचक मिळाला असता तर अनुमोदक मिळाला नसता. कोणी म्हणालं, एकसष्टी झालेल्यांच्याही पट्ट्या लावा, म्हणजे एकाच पट्टीवर अन्याय नको. कोणी म्हणालं, मेनूच खाली घ्या. खजिनदार म्हणाले, कुशीवर झोपून दिसतंय, मग घाई कसली? शेवटी मी एक तोड सुचवली. पट्टीला आतून एक ओळीची सूचना देता येते, की तू आहेस तिथेच राहा, पण अंगावर पडणारा स्पर्श खाली जाऊ दे. वेबसाइटच्या भाषेत तिला 'पॉइंटर-इव्हेंट्स : नन' म्हणतात.

"म्हणजे पट्टी राहणार?" चिटणिसांनी विचारलं.

"राहणार. वर राहणार. फक्त कोणाच्या मध्ये येणार नाही."

अध्यक्षांचा चेहरा खुलला. "हे उत्तम. आपलं धोरण पहिल्यापासून हेच आहे." इतिवृत्तात नोंद झाली : "माननीय अध्यक्षांच्या अमृतमहोत्सवाची पट्टी कायम ठेवून तिने सभासदांचा स्पर्श अडवू नये, असे सर्वानुमते ठरले." सूचक खजिनदार, अनुमोदक उपाध्यक्ष.

ओळ टाकली आणि मेनू उघडला. पहिला मान खजिनदारांना दिला. त्यांनी ताठ उभं राहून, चष्मा सावरून तीन रेघांवर बोट टेकवलं. यादी सरसर खाली आली. क्षणभर त्यांना भरून आलं. मग ते 'कार्यकारिणी'त शिरले, आपला फोटो त्यांनी मोठा करून बघितला आणि विचारलं, "माझं नाव उपाध्यक्षांच्या खाली का?" ग्रंथपाल बाईंनी 'ग्रंथसूची' उघडली. तिथे लिहिलं होतं : "लवकरच येत आहे." 'संपर्क'मध्ये जो दूरध्वनी क्रमांक होता, तो वाचनालयाने केव्हाच परत केलेला निघाला. म्हणजे मेनू बंद होता तेव्हा लोकांचं काही अडलं नव्हतं आणि उघडला तेव्हा काही साधलं नाही. फक्त फळ्यावरची सूचना पुसली गेली आणि वाचनकक्षातल्या झोपणाऱ्यांचं अधिकृत कारण गेलं.

वाचकहो, तुमचीही एखादी संस्था असेल, मंडळ असेल, सोसायटी असेल, आणि तिची वेबसाइट कोणाच्या तरी भाच्याने केलेली असेल. आज ती मोबाइलवर उघडून बघा, शक्यतो उभ्याने. मेनू उघडला नाही तर फोन बदलू नका, बोट ओलं करू नका, कॅशच्याही मागे लागू नका. आपल्याकडे अलीकडे कोणाचा सत्कार झालाय, तेवढं आधी विचारा.